मूळबंधापासून नादापर्यंत

गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं नावही येत नाही. आसन कुठे घालावं, पाठ, मान आणि डोकं एका रेषेत कसं धरावं, नजर नाकाच्या शेंड्यावर कशी ठेवावी, एवढं सांगून श्रीकृष्ण पुढे जातात. ज्ञानदेव मात्र त्या मोजक्या श्लोकांपाशी थबकतात आणि शंभराहून अधिक ओव्या तिथेच खर्च करतात. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून धाकट्या भावाकडे आलेली नाथपंथाची विद्या १२९० साली नेवाशात अशी मराठीत उघड झाली.

त्या ओव्यांमधलं कुंकवात न्हालेलं नागाचं पिलू, म्हणजे निजलेली कुंडलिनी, कीर्तनाला बसणाऱ्या कोणालाही माहीत असतं. त्या पिलाच्या आधी येणाऱ्या ओव्या मात्र फारशा सांगितल्या जात नाहीत. त्या सरळसरळ कृतीच्या आहेत. गुद आणि जननेंद्रिय यांच्यामध्ये चार बोटं जागा असते; दोन्हीकडची दीड-दीड बोटं सोडली की मध्ये एक बोट उरतं; तिथे टाच दाबून बसायचं. ज्ञानदेव याला मूळबंध म्हणतात आणि याचंच दुसरं नाव वज्रासन असंही सांगतात. आज योगवर्गात गुडघे मोडून, टाचांवर बसून जे वज्रासन घालतात ते हे नव्हे. ‘हठप्रदीपिके’त ज्याला सिद्धासन म्हटलंय त्याच्याशी हे जुळतं, आणि काहीजण त्यालाच वज्रासन म्हणतात अशी नोंद त्या ग्रंथातही आहे.

कुंडलिनी योग समजून घ्यायचा तर सुरुवात या एका बोटाच्या जागेपासून करावी, चक्रांपासून नव्हे, असं माझं मत आहे. चक्रांची रंगीत चित्रं भिंतीवर लावता येतात म्हणून ती आपल्याला आधी भेटतात. जुन्या हठग्रंथांत मात्र सगळी मेहनत श्वास आणि बंध यांच्यावर आहे.

आधी गृहीतं पाहू. शरीरात ७२,००० नाड्या मानल्या आहेत. त्यांतल्या तीन महत्त्वाच्या: डावीकडे इडा, तिचा स्वभाव चंद्राचा, थंड, उजवीकडे पिंगला, सूर्याची, उष्ण, आणि दोहोंच्या मधोमध, कण्याच्या आत, सुषुम्ना. एरवी प्राण इडा-पिंगलेतून आळीपाळीने वाहतो. सुषुम्नेचं खालचं दार बंद असतं, कारण साडेतीन वेढे घालून निजलेली कुंडलिनी तोंडाने ते अडवून बसलेली आहे. शिवाय शरीरातल्या वायूंपैकी दोन एकमेकांविरुद्ध ओढतात. छातीतला प्राण वर जाऊ पाहतो, ओटीपोटातला अपान खाली. ही ओढाताण चालू आहे तोवर मनही धावत राहणार. म्हणून अपानाला वर वळवायचं, प्राणाला खाली दाबायचं, दोघांची गाठ नाभीपाशी घालायची. तिथे अग्नी आहे. तो पेटला की त्याच्या आचेने कुंडलिनी जागी होते, दार मोकळं होतं आणि दोन वाटांनी वाहणारा प्राण मधल्या एकाच वाटेने वर निघतो. पुढची सगळी आसनं, कुंभकं आणि मुद्रा याच एका कामासाठी आहेत.

हे सगळं खरोखर शरीरात आहे का? स्वामी दयानंद सरस्वतींना तरुणपणी हाच प्रश्न पडला होता. गंगेतून वाहत आलेलं प्रेत त्यांनी काठावर ओढलं, चिरून पाहिलं, पोथीतल्या वर्णनाशी ताडून पाहिलं, आणि चक्रं काही सापडली नाहीत म्हणून त्या पोथ्या प्रेतासोबत नदीत सोडून दिल्या. आत्मचरित्रात त्यांनी हे स्वतः लिहिलं आहे. पोथीकडून त्यांनी शरीररचनेची अपेक्षा केली आणि त्या अपेक्षेला ती उतरली नाही, इतकंच. साधकाने लक्ष कुठे न्यायचं, कुठे ताण द्यायचा आणि आत काय जाणवलं म्हणजे वाट बरोबर आहे असं समजायचं, हे सांगणारी ती भाषा आहे. सुरीने ती तपासता येत नाही, बसून येते.

आता क्रम. १५व्या शतकातल्या स्वात्मारामांच्या ‘हठप्रदीपिके’त चार उपदेश आहेत: आसन, कुंभक, मुद्रा, नाद. पंधरा आसनं, आठ कुंभकं, दहा मुद्रा. आसनांची एवढी कमी संख्या पाहून आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल, पण इथे आसन हे मुख्यतः तासभर न हलता बसता यावं यासाठी असतं. बसण्यासाठी सिद्धासनाला सर्वांत वरची पायरी दिली आहे आणि त्याचं कारण आपण पाहिलंच: टाच जिथे बसते तिथूनच काम सुरू होणार असतं.

त्यानंतर नाड्यांची सफाई. ज्यांच्या अंगात चरबी आणि कफ फार, त्यांनी आधी धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती ही सहा कर्मं करावीत. इतरांना त्यांची गरज नाही, असं ग्रंथच म्हणतो. सर्वांसाठी आहे ती नाडीशुद्धी. डाव्या नाकपुडीने श्वास घ्यायचा, धरायचा, उजवीने सोडायचा. मग उजवीने घ्यायचा, धरायचा, डावीने सोडायचा. परंपरेतलं रूढ प्रमाण १:४:२. म्हणजे पूरकाला (श्वास घ्यायला) सोळा मात्रा लागल्या तर कुंभकाला (धरायला) चौसष्ट आणि रेचकाला (सोडायला) बत्तीस. नवशिक्याने हे प्रमाण वाचावं आणि बाजूला ठेवावं. पहिले काही महिने श्वास न धरता, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ देत करणं पुरेसं आहे. ‘हठप्रदीपिका’ नाड्या शुद्ध व्हायला तीन महिने देते, तेही दिवसातून चार वेळा बसणाऱ्याला.

या संथ श्वासाने काय होतं ते अनुभवायला श्रद्धा लागत नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. सोडण्याचा काळ लांबवला आणि मिनिटाला पाच-सहा श्वासांवर आलं की हा चढउतार ठळक होतो आणि शरीर विश्रांतीकडे झुकतं. मनगटावर बोट ठेवून नाडी पाहिली तर बऱ्याच जणांना हा फरक बोटालाच कळतो.

बंध हा या योगाचा गाभा. ते तीन आहेत.

मूळबंधात टाचेने शिवणीवर, म्हणजे त्या एका बोटाच्या जागेवर, दाब द्यायचा आणि तिथले स्नायू आत-वर ओढून धरायचे. खाली जाणारा अपान यामुळे वर वळतो असं शास्त्र म्हणतं. हे स्नायू म्हणजे ओटीपोटाची तळजमीन. बाळंतपणानंतर ती सैल पडलेल्या स्त्रियांसाठी अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८मध्ये जे व्यायाम प्रसिद्ध केले, ते याच स्नायूंचे. सुरुवातीला सगळेजण नितंब आणि मांड्याही आवळतात. चेहरा सैल, जबडा सैल, मांड्या सैल, आणि आतून फक्त तेवढंच उचललेलं, हे जमायला आठवडे जातात.

जालंधर बंधात हनुवटी खाली आणून कंठाखालच्या खळग्यात टेकवायची. मान मोडून नव्हे. छाती वर येते आणि हनुवटी तिला भेटते. श्वास आत धरला की छातीत दाब वाढतो. तो डोक्याकडे चढू नये यासाठी हे कुलूप आहे असं परंपरा मानते. जालंधर नाही तर कुंभक नाही, हा जुन्या शिक्षकांचा दंडक याच कारणाने आहे.

उड्डियान सर्वांत नाट्यमय आणि सर्वांत चुकीचं केलं जाणारं. पोटाचे स्नायू आवळून ते होत नाही. श्वास पूर्ण बाहेर टाकायचा, घसा बंद करायचा आणि मग श्वास घेतल्यासारखी फक्त बरगडी फुलवायची. हवा आत यायला वाट नसते, त्यामुळे सिरिंजचं तोंड बंद करून दट्ट्या ओढावा तसा आत उणा दाब तयार होतो, छाती आणि पोट यांमधला पडदा वर सरकतो आणि सैल सोडलेलं पोट आपोआप बरगड्यांखाली जातं. पोट ‘ओढलं’ तर ते एवढं आत जातच नाही.

हा उणा दाब पहिल्यांदा मोजून पाहणारे स्वामी कुवलयानंद. लोणावळ्याला १९२४मध्ये कैवल्यधाम सुरू करण्याआधी त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्रापुढे उड्डियान आणि नौली तपासले होते. नौलीत पोटाचा मधला स्नायू सुटा उभा राहतो तेव्हा मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं त्यांना आढळलं. बस्तीत पाणी आपोआप वर का चढतं, याचा उलगडा त्यातून झाला. या पोकळीला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचं नाव दिलं आणि हे निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या आपल्या नियतकालिकात छापले. कुंडलिनी जागी होते की नाही हे त्यांनी त्या यंत्राला विचारलं नाही, हा त्यांचा मला आवडणारा संयम.

तिन्ही बंध एकत्र आले की यंत्र पूर्ण होतं: तळातून अपान वर, कंठातून प्राण खाली, मधून पोट आत. हठप्रदीपिकेचा नियम असा की पूरक संपताच जालंधर लावावा, आणि कुंभक संपून रेचक सुरू होताना उड्डियान. हे अंगवळणी पडलं की महामुद्रा, महाबंध आणि महावेध या मुद्रा सोप्या होतात, कारण त्या म्हणजे याच तीन कुलपांच्या वेगवेगळ्या बसण्यातल्या जुळण्या. महामुद्रेत एक टाच शिवणीला, दुसरा पाय लांब, पाऊल हातांनी धरलेलं, जालंधर लावून श्वास रोखलेला. महावेधात तर बसल्या जागी हातांवर अंग उचलून नितंब हळूच जमिनीवर आपटायचे असतात. शक्तिचालनात कुंडलिनीलाच चाळवायचं. कोणी ते भस्त्रिकेने, म्हणजे भात्यासारख्या जोरदार श्वासाने, सांगतात, कोणी नौलीने. विपरीतकरणीमागचा विचार वेगळा आहे: टाळूपाशी असलेल्या चंद्रातून अमृत ठिबकतं आणि नाभीतला सूर्य ते जाळून टाकतो, म्हणून माणूस म्हातारा होतो, तेव्हा पाय वर करून सूर्य वर आणि चंद्र खाली करायचा. खेचरीत जीभ उलटी वळवून टाळूमागच्या पोकळीत घालायची. त्यासाठी जिभेखालचा पडदा दर सात दिवसांनी केसाएवढा कापायला ग्रंथ सांगतो. हे कोणीही करू नये. पडदा न कापता जीभ टाळूला लावून बसणं, एवढंच आजचे बहुतेक शिक्षक शिकवतात.

आता कुंडलिनी जागी झाल्यावर काय? इथे ‘हठप्रदीपिका’ आटोपशीर आहे आणि ज्ञानदेव अफाट. त्यांची कुंडलिनी भुकेने उठते. ती आधी मांस खाते, मग सप्तधातू शोषते, पृथ्वी आणि आप ही दोन तत्त्वं संपवते, तेव्हा कुठे तृप्त होऊन सुषुम्नेपाशी विसावते. तिने ओकलेलं विषच अमृत होऊन प्राणाला जगवतं. इडा-पिंगला एक होतात, तिन्ही गाठी सुटतात, साही चक्रांच्या पाकळ्या उलगडतात. जुनी कातडी गळून नवी कांती येते. मग हृदयापाशी अनाहत ध्वनी आणि शेवटी ब्रह्मरंध्रात ‘शक्ती’ हे नावही उरत नाही. हे शब्दशः घ्यायचं की साधनेच्या अनुभवाचं वर्णन म्हणून, यावर वारकऱ्यांत आणि अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत. मला एवढंच दिसतं की खाण्या-शोषण्याचा हा भाग ‘जागृती’च्या आजच्या गुळगुळीत जाहिरातींत कधी येत नाही.

त्या गाठी म्हणजे ब्रह्मग्रंथी, विष्णुग्रंथी आणि रुद्रग्रंथी. आणि चक्रं? मूलाधाराला चार पाकळ्या, स्वाधिष्ठानाला सहा, मणिपुराला दहा, अनाहताला बारा, विशुद्धाला सोळा, आज्ञेला दोन. मिळून पन्नास, म्हणजे पन्नास मातृकाक्षरं. वर सहस्रार. खालच्या पाचांची बीजं लं, वं, रं, यं, हं. ही सहाची यादी तंत्रग्रंथांत, विशेषतः कुब्जिका परंपरेत ठरत गेली, पण ती एकमेव कधीच नव्हती. गोरक्षनाथांच्या नावावरच्या ‘सिद्धसिद्धान्तपद्धती’त नऊ चक्रं आहेत. जगभर पसरली ती सहाचीच, कारण बंगालमधल्या पूर्णानंदांचं १५७७ सालचं ‘षट्चक्रनिरूपण’ कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर ॲव्हलॉन या टोपणनावाने १९१९मध्ये इंग्रजीत आणलं. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याच्या क्रमाने रंगवलेली चक्रं त्या ग्रंथात नाहीत. तिथे मूलाधारात पृथ्वीचा पिवळा चौकोन आहे, मणिपुरात अग्नीचा तांबडा त्रिकोण, अनाहतात वायूचा धुरकट षट्कोन. इंद्रधनुष्य ही विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य लेखकांची भर. ध्यानाच्या दृष्टीने प्रत्येक चक्र म्हणजे लक्ष टेकवण्याची एक जागा, एक आकृती आणि एक अक्षर. प्रत्यक्ष साधनेत एवढंच हाताशी येतं.

शेवटची पायरी नाद. अंगठ्यांनी कान बंद करून उजव्या कानात लक्ष ठेवायचं. सुरुवातीला समुद्र, ढग, नगारा असे मोठे आवाज, मग शंख आणि घंटा, मग किंकिणी, बासरी, वीणा, भुंगा. मोठ्यातून बारकाकडे जायचं आणि शेवटी तोही सोडायचा. बंधांच्या एवढ्या खटाटोपानंतर ग्रंथ ऐकण्यावर येऊन थांबतो, ही मांडणी मला फार देखणी वाटते.

हा सारा प्रयत्नाचा मार्ग झाला. महाराष्ट्रात दुसरी एक वाट जोरात आहे, शक्तिपाताची. पुण्याच्या वासुदेव निवासातले गुळवणी महाराज (१८८६–१९७४) टेंबे स्वामींचे शिष्य, आणि शक्तिपाताची दीक्षा त्यांना लोकनाथतीर्थांकडून मिळालेली. गणेशपुरीत नित्यानंदांचे शिष्य मुक्तानंद यांनी ‘सिद्धयोग’ या नावाने हीच गोष्ट १९७०पासून परदेशात नेली. या वाटेवर गुरूच्या स्पर्शाने, दृष्टीने, शब्दाने किंवा संकल्पाने शक्ती आधी जागी होते, आणि नंतर साधकाच्या शरीराकडून आसनं, बंध, प्राणायाम आपोआप घडतात. कंप येतो, रडू येतं, कधी श्वास आपोआप थांबतो. साधकाने फक्त पाहत राहायचं. म्हणजे हठयोगात बंधांमुळे जागृती, इथे जागृतीमुळे बंध. मुद्रा त्याच, क्रम उलटा.

परदेशात ‘कुंडलिनी योग’ म्हटलं की बहुतेकांना आठवतात ते योगी भजन. दिल्लीत सीमाशुल्क खात्यात नोकरी केलेले हरभजनसिंग पुरी १९६८मध्ये आधी कॅनडात आणि मग लॉस एंजेलिसला गेले. पांढरे कपडे, डोक्याला फेटा, ‘सत नाम’चा घोष, कपालभातीसारखा वेगवान ‘अग्निश्वास’ आणि ठरावीक मिनिटांच्या क्रियांचे संच, असा त्यांचा वर्ग. यातलं बरंच मूळ हठयोगातलं आणि शीख परंपरेतलं. पण ही जुळणी त्यांची, आणि ती प्राचीन गुप्त परंपरा असल्याचा दावा संशोधकांना टिकणारा वाटत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२०मध्ये, अनेक स्त्रियांनी लैंगिक शोषणाचे आरोप केले आणि त्यांच्याच संस्थांनी नेमलेल्या बाहेरच्या चौकशीने ते बहुतांशी खरे असण्याची शक्यता अधिक आहे असा निष्कर्ष काढला. जिथे गुरूवर सगळं सोपवायला सांगितलं जातं तिथे हे ध्यानात असावं.

जोरात केलेल्या भस्त्रिकेनंतर हातापायांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, कधी प्रकाश दिसतो. वर्गात यालाच शक्ती चढली म्हणतात. यातलं बरंच साधं आहे: भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्त किंचित अल्कधर्मी होऊन नसा अधिक चाळवतात. श्वास संथ केला की दोन-चार मिनिटांत उतरतं. म्हणून मुंग्यांवरून प्रगती मोजू नये.

पण सगळंच इतकं साधं नसतं. काश्मिरी सरकारी कर्मचारी गोपी कृष्ण अनेक वर्षं पहाटे डोक्यावरच्या कमळाचं ध्यान करत. १९३७च्या डिसेंबरात, जम्मूला, कण्यातून प्रकाशाचा लोट चढल्यासारखा त्यांना वाटला. त्यानंतर आठवडेच्या आठवडे अंगाची आग, झोप नाही, अन्न नकोसं, वेड लागेल अशी भीती. शक्ती पिंगलेतून चढली असावी असं मानून त्यांनी इडेची थंड धारा कल्पनेने खेचली तेव्हा दाह शमला, पण सावरायला वर्षं गेली. त्यांनी याबद्दल पुढे पुस्तक लिहिलं आणि या विषयावरच्या आधुनिक चर्चेला त्यातून सुरुवात झाली. अशा अवस्थेत ध्यान आणि कुंभक बंद करायचं, पोटभर जेवायचं, झोपायचं, आणि झोप परत येत नसेल किंवा भास होत असतील तर थेट मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं. पूर्वी मानसिक आजार होऊन गेला असेल त्यांनी या वाटेला न गेलेलं बरं. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, फिट्स, गर्भारपण यांत श्वास धरणं, भस्त्रिका आणि उड्डियान वर्ज्य. मासिक पाळीतही उड्डियान टाळतात.

बाकीच्यांनी सुरुवात करायची तर पहाटे, पोट रिकामं असताना, अर्धा तास पुरतो. सिद्धासन जमत नसेल तर नितंबांखाली घडी घालून साधी मांडी. पाच-सात मिनिटं नाडीशुद्धी, श्वास न धरता. मग मूळबंध दहा वेळा, श्वास चालू ठेवून, सोडताना सावकाश. उड्डियान उभं राहून, गुडघे किंचित वाकवून, हात मांड्यांवर टेकवून शिकावं. तीन आवर्तनं खूप झाली, आणि पोट सैल सोडल्यावरच श्वास आत घ्यावा, नाहीतर तो धसकन येतो. त्यानंतर कान बंद करून जे ऐकू येईल ते पाच मिनिटं. जेवणाचा नियमही जुनाच: पोटाचा चौथा भाग रिकामा. तीन बंध एकत्र आणि श्वास धरून, हे शिक्षकासमोरच. लावताना आधी जालंधर, मग उड्डियान, मग मूळबंध. सोडताना बरोबर उलटं, मान सर्वांत शेवटी वर.